‘आर्ट थेरपीने पोट भरतं का?’ आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात माझ्या कामावर लेख आला होता, म्हणजे चित्रकला शिक्षिका, मग काउन्सेलर, आणि आता काउन्सेलिंग शिकवणारी मास्तरीण, मधे आर्ट थेरपी, म्हणजे चित्र वगैरे काढता काढता मनावर उपचार, वस्त्यांमधलं काम आणि त्यातला सामाजिक न्याय, असा सगळा प्रवास. त्यावर भरपूर पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, तेच तेच प्रश्न एकत्र केलेत आणि आपल्या सदराच्या पद्धतीप्रमाणे नावं गाळली आहेत. गोळ्या-औषधांचे प्रश्न घेतलेले नाहीत, ते सायकियाट्रिस्टलाच विचारा प्लीज.

प्रश्न : मुलगी बीए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड. आता म्हणते आर्ट थेरपिस्ट व्हायचंय आणि पुढे तुमच्यासारखं शिकवायचंय. आम्ही नोकरदार माणसं, यात पोट भरतं का? (एक वडील, सहकारनगर)

उत्तर : भरतं, पण पहिली काही वर्षं नुसत्या आर्ट थेरपीवर नाही भरत, हे आत्ताच सांगून ठेवते म्हणजे उद्या मुलीने मला बोल लावायला नको. माझ्या ओळखीत जे हे काम नीट करतायत ते सगळे दोन-तीन ठिकाणचं मिळून घर चालवतात, शाळेत आठवड्यातले ठरलेले दिवस काउन्सेलर, एखाद्या संस्थेत ग्रुप सेशन, आणि संध्याकाळी स्वतःचे क्लायंट. शाळा पगार देते, संस्था अनुभव देते, प्रायव्हेट क्लायंट बरी फी देतात, आणि यातलं एक सुटलं की तो महिना ओढाताणीचा.

शिक्षणाचं म्हणाल तर आधी पाया पक्का करा. मानसशास्त्रात, काउन्सेलिंगमध्ये किंवा समाजकार्यात मास्टर्स, म्हणजे आपल्या पुणे विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आहे, कर्वे समाज सेवा संस्थेचं एमएसडब्ल्यू आहे, असं काहीतरी, आणि त्यावर कलेचं ट्रेनिंग. पुण्यातच वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग फाउंडेशन आर्ट्स-बेस्ड थेरपीचं काम करते, त्यात चित्रासोबत नाटक, संगीत, गोष्टी हे पण येतं, त्यांच्याकडे चौकशी करा. उलट्या क्रमाने जाऊ नका, म्हणजे आधी शनिवार-रविवारचं वर्कशॉप, सोमवारी व्हिजिटिंग कार्ड छापलं, असं करणारे पुण्यात कमी नाहीत आणि आपल्याकडे त्यांना अडवणारं फारसं कुणी नाही. इंग्लंडमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ ही कायद्याने राखलेली पदवी आहे, रजिस्ट्रेशन नसताना लावली तर तो गुन्हा. अमेरिकेत मास्टर्स, त्यानंतर सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली, काम, मग रजिस्ट्रेशन अशी शिडी आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना १९९२ च्या कायद्याने रिहॅबिलिटेशन काउन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, पण बाकीचे काउन्सेलर बरीच वर्षं मोकळेच होते. २०२१ मध्ये अलाइड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्याची बाकीची कामं करणाऱ्यांचा, नवा केंद्रीय कायदा आला, त्याच्या यादीत काउन्सेलर आहेत आणि आर्ट-डान्स-मूव्हमेंट थेरपिस्टचाही उल्लेख आहे, त्यामुळे तिची पिढी पूर्ण करिअरला येईल तेव्हा डिग्रीचे कागद विचारले जातील असं धरून चाला.

ए ग्रेडचं मात्र फार कौतुक करू नका हं. हात चांगला असणाऱ्या मुलांना एक खोड मोडायला लागते, दुसऱ्याचं चित्र सुधारायची. समोरच्या बाईने हात काखेतून न काढता कमरेतून काढला तर आपली पेन्सिल शिवशिवते, ती तशीच खिशात ठेवता आली पाहिजे.

राहिलं शिकवणं. अमेरिकेत काउन्सेलर घडवणाऱ्यांसाठी वेगळी पीएचडी असते, त्यात पाच गोष्टी शिकाव्या लागतात : काउन्सेलिंग, सुपरव्हिजन, अध्यापन, संशोधन आणि पाचवी नेतृत्व आणि अ‍ॅडव्होकसी, म्हणजे क्लायंटच्या बाजूने उभं राहणं. आपल्याकडे कॉलेजात शिकवायला नेट-सेट किंवा पीएचडी बघतात, ही पाचवी गोष्ट कुणी विचारत नाही. माझा निम्मा वेळ लेक्चरपेक्षा सुपरव्हिजनला जातो, विद्यार्थ्याने सेशनमध्ये काय विचारलं, का विचारलं, कुठे घाई केली, क्लायंट गप्प झाल्यावर स्वतःच का बोलत सुटला, हे शांतपणे बसून काढायचं. पगाराच्या मानाने दमवणारं काम आहे आणि मला सगळ्यात जास्त तेच आवडतं.

प्रश्न : मी हडपसरला प्राथमिक शाळेत आहे. दुसरीतला एक मुलगा दरवेळी घर काढतो, घराला खिडकी नसते, आणि सगळं निळ्या खडूने भरून टाकतो. नेटवर वाचलं की निळा म्हणजे उदासी आणि खिडकी नसणं म्हणजे मूल आतून बंद झालंय. पालकांना बोलवू का? (एक शिक्षिका)

उत्तर : बोलवा, पण ‘तुमचा मुलगा डिप्रेस्ड आहे’ हे सांगायला नको, मधल्या सुट्टीत तो कुणाशी खेळतो, डबा खातो का, अलीकडे काही बदललंय का हे विचारायला बोलवा. आणि त्याच्याही आधी त्या मुलाला विचारा.

ही खिडकीची भानगड कुठून आली सांगते. १९४८ मध्ये जॉन बक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घर-झाड-माणूस अशी चित्रांची टेस्ट काढली, माणूस घर कसं काढतो यावरून तो कसा आहे ते ओळखायचं. दार लहान तर माणूस बुजरा, खिडकी नाही तर लोकांपासून दूर, अशा छापाचे अर्थ तिथून निघाले आणि नेटवर फिरत फिरत तुमच्यापर्यंत आले. या टेस्टवर तज्ज्ञांनी तेव्हापासून भरपूर टीका केली आहे, एकाच चित्राचे दोन तपासणारे दोन अर्थ लावतात. पण मला तर त्याहून साधा प्रश्न पडतो, की बाई तुम्ही त्या मुलाचं घर पाहिलंय का? पत्र्याच्या खोलीला, जिच्या तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांचे पत्रे टेकलेत, तिला खिडकी असते कुठे? त्याने बघून बघून बरोबर चित्र काढलंय आणि आपण त्याला आजार चिकटवतोय. गॅलरीवाल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना हे पहिल्यांदा सांगितलं की वर्गात शांतता होते, कारण घर म्हटलं की उतरतं छप्पर, चिमणी, दोन खिडक्या आणि मागे डोंगर हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ड्रॉइंगच्या पुस्तकाने बसवलंय, पुण्यात चिमणीवाली घरं किती पाहिलीत तुम्ही?

आणि निळा. इंग्रजीत उदासीला निळं म्हणतात म्हणून इंग्रजी पुस्तकांतला निळा उदास. तुमच्या वर्गातल्या मुलाच्या गल्लीत १४ एप्रिलला सगळीकडे निळे झेंडे लागत असतील, घरात निळ्या कोटातल्या बाबासाहेबांचा फोटो असेल, तर त्याच्यासाठी निळा म्हणजे अभिमान, मिरवणूक, नवे कपडे, डीजे. किंवा यातलं काहीच नसेल, त्याला फक्त तो खडू आवडत असेल. सात-आठ वर्षांपर्यंतची मुलं रंग खऱ्यासारखा असावा म्हणून निवडतातच असं नाही, आवडला म्हणून आजी हिरवी आणि गाय जांभळी, व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले त्यातही हे आहे.

विचारायचं कसं? ‘हे काय काढलंय’ नको, त्यात मुलाला वाटतं की ओळखू येत नाहीये म्हणजे चुकलंय. ‘मला या चित्राबद्दल सांग ना’ म्हणा. ‘या घरात आत्ता कोण आहे, बाहेर आलं तर कुठे जातील’ असं विचारा. आणि मग गप्प बसा, शिक्षकांना तेच अवघड जातं.

एक गोष्ट गंभीरपणे लिहिते. नुसत्या चित्रावरून अत्याचाराचा निष्कर्ष काढू नका. पण मुलाने तोंडाने तसं काही सांगितलं किंवा खरोखर शंका यावी असं काही दिसलं, तर २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, शाळेचं नाव खराब होईल म्हणून दाबता येत नाही. तेव्हा स्वतः उलटतपासणी घेऊ नका, १०९८ वर, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा.

प्रश्न : मॅडम, लेख वाचला. मनाच्या डॉक्टरने मनाचं बघावं. त्यात हे सामाजिक न्याय वगैरे कशाला? हे परदेशी फॅड आहे आणि थोडं राजकारणही. स्पष्ट लिहिल्याबद्दल क्षमस्व. (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : काका, क्षमा कशाला, सदाशिव पेठेतून स्पष्ट नाही आलं तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं. परदेशी आहे हे मान्य, पण फॅड म्हणाल तर मग अख्खी आर्ट थेरपीच फॅड ठरेल, कारण ती सुरुवातीपासून अडचणीतल्या माणसांमध्येच वाढली. ‘आर्ट थेरपी’ हे नाव १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने दिलं, तो टीबीने सॅनिटोरियममध्ये पडून होता आणि पडल्या पडल्या चित्रं काढायचा, मग आजूबाजूच्या पेशंटना काढायला लावलं, त्यात युद्धातून आलेले जखमी सैनिक होते. त्याच सुमारास फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही व्हिएन्नाची चित्रकार नाझींच्या तेरेझिन छावणीत कैदी होती आणि तिथल्या मुलांना चोरून चित्रकला शिकवत होती. १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारलं. जाण्याआधी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली होती, ती आज प्रागच्या ज्यू म्युझियमकडे आहेत, काढणारी बहुतेक मुलं मात्र वाचली नाहीत. तिची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर १९३८ मध्ये न्यूयॉर्कला पळून आली होती, तिने १९५० पासून विल्टविक नावाच्या मुलांच्या शाळेत काम केलं, तिथे बरीचशी हार्लेममधली गरीब काळी मुलं होती, आणि तिच्या त्या कामावर आजची निम्मी आर्ट थेरपी उभी आहे.

आता या बायकांनी मुलांना ‘तुझ्या मनात काय दोष आहे ते शोधू’ म्हणायचं होतं का? मुलांच्या मनात दोष नव्हताच, छावणीत होता.

पुढे अमेरिकेत १९६९ मध्ये आर्ट थेरपीची राष्ट्रीय संघटना निघाली तेव्हा ती बऱ्यापैकी गोऱ्यांची होती. त्याच वर्षी क्लिफ जोसेफ हा काळा चित्रकार आणि आर्ट थेरपिस्ट, काही साथीदारांबरोबर म्युझियमच्या दारात निदर्शनं करत होता, की काळ्यांवर प्रदर्शन भरवता आणि काळ्या चित्रकारांचं एकही चित्र त्यात नाही. १९७१ मध्ये अ‍ॅटिका तुरुंगात उठाव झाला आणि तो चिरडताना कितीतरी माणसं मारली गेली, त्यानंतर त्यांच्या गटाने तुरुंगांत कलेचे वर्ग सुरू केले. आर्ट थेरपीत पहिली डॉक्टरेट १९७७ मध्ये मिळाली ती ल्युसिल व्हेंचर या काळ्या स्त्रीला. ही नावं मी शिकत होते तेव्हा कुणी सांगितली नाहीत, नंतर स्वतः शोधून वाचायला लागली. काउन्सेलिंगच्या बाजूने म्हणाल तर क्लायंटची संस्कृती समजण्याचे निकष तिथे १९९२ मध्ये लिहिले गेले आणि २०१५ मध्ये ते नव्याने आले तेव्हा सामाजिक न्याय हा शब्द सरळ नावातच घातला. त्यामुळे आता तो निकषांचाच भाग आहे.

पण तुम्हाला परदेशी नको असेल तर पुण्याचंच घ्या. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, गरोदर राहिलेल्या विधवांना गुपचूप येऊन सुरक्षित बाळंत होता यावं म्हणून. त्या बायकांचं मन थाऱ्यावर असेल का हो? नसेलच. पण त्यांना आधी काय दिलं, तर जागा, सुरक्षितता आणि कुणीही नाव विचारणार नाही याची खात्री. माझ्या मते या शहरातलं मानसिक आरोग्याचं खरं काम तिथून सुरू होतं, भले पुस्तकात तसं लिहिलेलं नसेल. अलीकडच्या काळात भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टने ‘सेहेर’ या कार्यक्रमातून पुण्यातल्या वस्त्यांमध्ये हेच सूत्र धरलं, की माणसाला वस्तीतून उचलून दवाखान्यात टाकण्यापेक्षा वस्तीतच त्याच्या भोवतीची माणसं आणि सोयी उभ्या करायच्या, कलेचा वापरही त्यात आहे.

एक रोजच्या कामातलं सांगते. बायकांच्या ग्रुपला मी एक चित्र काढायला देते, रात्री घरापासून सार्वजनिक संडासापर्यंतचा रस्ता काढा आणि जिथे छातीत धडधडतं तिथे रंग द्या. बायका आधी हसतात, मग मान खाली घालून बराच वेळ काढत बसतात. सगळे कागद शेजारी शेजारी लावले की दिसतं, प्रत्येकीचा लाल रंग त्याच दोन ठिकाणी आहे, दिवा नसलेला कोपरा आणि पोरं बसतात ती टपरी. आता या बायकांना मी अँग्झायटी कमी करायचा श्वासाचा व्यायाम शिकवू? शिकवते, रात्री उपयोग होतो त्याचा. पण सोबत तोच नकाशा घेऊन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज पण जातो. दिवे लागायला अख्खा पावसाळा गेला आणि एक लागून परत बंद पडला, तर यात राजकारण असेल तर एवढंच आहे. कुणाला मत द्या हे मी सांगत नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांनीही सेशनमध्ये सांगू नये, सांगितलं तर सुपरव्हिजनमध्ये माझ्याशी गाठ आहे.

आणि हो, हे फक्त वस्तीपुरतं नाही. वर्गात मी विद्यार्थ्यांना विचारते, क्लायंटचं आडनाव आणि पत्ता ऐकल्यावर तुमचा आवाज बदलतो का? सगळे नाही म्हणतात. मग रोल प्लेचं रेकॉर्डिंग लावायचं. बदलतो. ‘कुठे राहता’ हा प्रश्न कुणाला गप्पा म्हणून विचारला जातो आणि कुणाला चौकशी म्हणून, ते कानाला कळतं. हे कळल्याशिवाय चित्राला हात लावू नये असं माझं मत आहे, हट्ट म्हणा हवं तर.

प्रश्न : मोठ्यांची कलरिंग बुक्स आणि मंडला (गोलातली नक्षी) रंगवणं म्हणजे आर्ट थेरपी का? (अनेकजण)

उत्तर : नाही. बरं वाटतं, रंगवा, टीव्हीवरच्या भांडणांपेक्षा केव्हाही चांगलं. अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठातला २०१६ चा अभ्यास आहे, ३९ मोठ्या माणसांना पाऊण तास मनाला येईल ते करू दिलं, चित्र, कोलाज, माती, आणि त्यातल्या सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी झालं. चित्र काढायची सवय आहे की नाही याने फरक पडला नाही. पण माणसं थोडी, तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून त्यावरून ‘चित्र काढा आणि डिप्रेशन घालवा’ अशी जाहिरात कुणी केली तर पैसे देऊ नका. थेरपी म्हणायला ट्रेनिंग घेतलेलं माणूस, ठरलेला हेतू आणि दोघांमधलं नातं लागतं. खूप खचल्यासारखं, जीव नकोसा वाटत असेल तर रंग बाजूला ठेवा आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलतात.

प्रश्न : ताई, मी पिंपरीत एका संस्थेत काउन्सेलर आहे. घरकाम करणाऱ्या मावशींचा आर्ट ग्रुप घेते. संस्थेला वार्षिक कार्यक्रमात देणगीदारांसमोर त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन लावायचंय, सोबत प्रत्येकीची कहाणी. मला बरं वाटत नाहीये पण नाही कसं म्हणू?

उत्तर : बरं वाटत नाहीये ते बरोबरच आहे. सेशनमधलं चित्र म्हणजे तिने तुझ्याजवळ बोललेलं वाक्य, ते भिंतीवर लावायचं का हे ती ठरवणार, तू नाही आणि संस्था तर नाहीच नाही. आणि ‘मावशी लावू ना?’ ‘लाव की गं’ याला संमती म्हणत नाहीत, जी बाई संस्थेकडून मुलाच्या शाळेची फी घेते ती नाही म्हणेल का तुला? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही, असं कलम आहे. ते रुग्णालयांसारख्या आस्थापनांबद्दल आहे, तुमची संस्था त्यात कदाचित बसणारही नाही, पण ट्रस्टींना दाखवायला चांगलं आहे.

नाही म्हणण्यापेक्षा दुसरा रस्ता दे. ग्रुपलाच विचार की लोकांना आपल्याबद्दल काय दाखवायला आवडेल, आणि त्यासाठी वेगळं, नवं काम करा, सेशनमधलं नाही. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं गायब झाली त्या बायकांनी चिंध्या जोडून कापडी चित्रं शिवली, अर्पियेरा म्हणतात त्यांना, ती जगभर गेली आणि तिथल्या राजवटीला नको झाली. ती दाखवायसाठीच शिवली होती, काय दाखवायचं ते त्यांनी ठरवलं होतं, आणि जिवाच्या भीतीने सहसा त्यावर नाव घालत नसत. तुझ्या मावशींना तर गोधडी शिवता येत असेल, जुनी लुगडी घरी असतील. त्यावर पगार, सुट्टी, बोनस यातलं काय टाचायचं ते त्या बरोबर ठरवतील, देणगीदारांपैकी कुणाच्या घरी कोण कामाला जातं हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं! कहाण्या मात्र अजिबात नकोत.

प्रश्न : मला चित्र काढता येत नाही, तरी या फिल्डमध्ये येऊ का? आणि सुरुवातीला सामान काय घेऊ? (एमएसडब्ल्यूची विद्यार्थिनी, वारजे)

उत्तर : ये ग. चांगलं काढता आलं पाहिजे असं नाही, पण स्वतः नियमित काढायला मात्र हवं, नाहीतर कोऱ्या कागदाची भीती काय असते ते तुला कळणारच नाही.

सामान अप्पा बळवंत चौकात सगळं मिळतं. पण घेताना एक गोष्ट डोक्यात ठेव, प्रत्येक माध्यम माणसाला कमी-जास्त सैल करतं, कॅगिन आणि ल्युसब्रिंक यांनी १९७८ मध्ये यावर पूर्ण मांडणी केली आहे. पेन्सिल, स्केचपेन, मासिकातली कापायची चित्रं, हे हातात राहणारं, तेलखडू मधे, आणि पाण्याचे रंग, ओली माती, बोटाने फासायचे रंग हे हातातून निसटणारं. ज्या बाईला नुकतंच घरातून बाहेर काढलंय तिच्यापुढे पहिल्याच दिवशी ओले रंग ठेवायचे नाहीत, ती आधीच वाहून चाललेली असते, तिला कोलाज दे, आखलेली चौकट दे. उलट जो माणूस सगळं घट्ट धरून बसलाय, पट्टीशिवाय रेघ मारत नाही, त्याला काही आठवड्यांनी माती देऊन बघ. शाडू गणपतीच्या आधी सगळीकडे मिळतो तेव्हाच घेऊन ठेव. तेलखडूची पेटी घेशील तर काळा, पांढरा आणि चॉकलेटी जास्तीचे घे, ते आधी संपतात, आणि ‘स्किन कलर’ लिहिलेला तो गुलाबी खडू पेटीतून काढून टाक, तुझ्या ग्रुपमधल्या कुणाचीच कातडी त्या रंगाची नसणार. कागद मात्र कार्ट्रिजच, म्हणजे चित्रकलेचा जाड कागदच घे, थोडा महाग पडतो, पण झेरॉक्सचा कागद पाणी लागलं की फाटतो आणि समोरच्याला वाटतं आपल्याच हातून बिघडलं. आणि प्रत्येकीची वेगळी फाईल, कुलपाच्या कपाटात, तुझ्या घरी गादीखाली नाही.